अभयदान आणि पर्णसंज्ञा : शिकार व वन्यजीव-व्यवस्थापन यांचा पालि साहित्याच्या आधारे विचार

वर्षावासाच्या काळात विदर्भातील एका खेड्यात पंचशीलावर व्याख्यान देण्याचा प्रसंग आला. व्याख्यान संपल्यावर एक वयस्क उपासक उठून उभे राहिले व म्हणाले, "सर, डुकरं एका रात्रीत माझं अर्धं वावर उकरून टाकतात. अर्ज केला तर मारायचा परवाना मिळतो म्हणतात. परवाना सरकारचा आहे, पण शील तर मी घेतलं आहे. मारलं तर शील मोडतं, नाही मारलं तर घर मोडतं. मी काय करावं?" सभेत कोणी हसले नाही, कारण तेथे बसलेल्या बहुतेकांचा तोच प्रश्न होता. त्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख होय.

हा प्रश्न एका गावापुरता नाही. वन्य प्राण्यांची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी त्यांना ठार मारणे नीतीला धरून आहे काय, यावर जगभर वाद चालू आहे. या वादात बौद्धांची भूमिका पुष्कळदा एका वाक्यात सांगितली जाते : बौद्ध धम्म अहिंसावादी आहे, म्हणून त्याला शिकार मान्य नाही. हे विधान खोटे नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की त्याचा शेतकऱ्याला काही उपयोग होत नाही. पालि साहित्य या प्रश्नाच्या बरेच खोलवर गेले आहे.

१. शिकारीचे तीन हेतू

'शिकार' हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या कृतींसाठी वापरतो. पहिली मौजेखातर केलेली शिकार. पालि ग्रंथांत हिला 'मिगवा' असे नाव असून ती प्रामुख्याने राजांची करमणूक म्हणून येते. दुसरी उपजीविकेसाठी केलेली शिकार. मृग मारणारा 'मागविक', पक्षी मारणारा 'साकुणिक', मासे मारणारा 'मच्छघातक' यांचा उल्लेख मज्झिमनिकायातील कन्दरकसुत्तात इतरांना ताप देणाऱ्या क्रूर व्यवसायांच्या यादीत केलेला आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत प्राण्यांचा व मांसाचा व्यापार येतो. या दोन हेतूंविषयी परंपरेचे मत स्पष्ट आहे.

तिसरा हेतू पीकरक्षणाचा. पालि साहित्याला तो अपरिचित आहे असे समजण्याचे कारण नाही. लक्खणजातकाच्या गद्य भागात मगध देशातील शेतकऱ्यांचे वर्णन आहे. शेतात पीक उभे राहिले की ते खाणाऱ्या हरिणांना मारण्यासाठी लोक ठिकठिकाणी खड्डे खणतात, शूळ रोवतात, दगडांचे सापळे रचतात व फासे मांडतात. त्यांत पुष्कळ मृग नाश पावतात. हे वर्णन आजच्या कोणत्याही जंगलकाठच्या गावाला लागू पडेल. कथेत लक्खण नावाचा शहाणा मृग आपला कळप मध्यरात्री, माणसे निजलेली असताना नेतो-आणतो व सर्वांना सुखरूप ठेवतो. काळ नावाचा त्याचा अविचारी भाऊ वेळ-अवेळ न पाहता कळप नेतो आणि जवळजवळ सर्व कळप गमावून बसतो. शेतकऱ्यांना या कथेने राक्षस ठरवलेले नाही. पिकाचा हंगाम हा दोन्ही बाजूंना संकटाचा काळ आहे, एवढेच तीत नोंदवले आहे.

आपला विचार या तिसऱ्या हेतूपुरता आहे. 'वन्यजीव-व्यवस्थापनासाठी शिकार' हे या हेतूचेच आधुनिक व शासकीय रूप होय.

२. प्राणातिपाताची पाच अंगे

पहिल्या शीलाचा भंग नेमका केव्हा होतो? आचार्य बुद्धघोष यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अट्ठसालिनीत याची पाच अंगे सांगितली आहेत : समोर जिवंत प्राणी असणे (पाणो), तो जिवंत आहे हे ठाऊक असणे (पाणसञ्ञिता), त्याला मारण्याचे चित्त असणे (वधकचित्त), त्यासाठी प्रयत्न करणे (उपक्कम), आणि त्या प्रयत्नाने त्याचा मृत्यू होणे. ही पाचही अंगे एकत्र आली तरच प्राणातिपात पूर्ण होतो. नांगराच्या फाळाखाली किडे मरतात, परंतु शेतकऱ्याचे चित्त त्यांना मारण्याचे नसते. धम्मपदाच्या पहिल्या गाथेची कथाही हेच सांगते. अंध चक्षुपाल स्थविरांच्या पायांखाली किडे चिरडले गेले, तेव्हा भगवंतांनी त्यांना दोष दिला नाही.

याच परंपरेत मारण्याच्या प्रयोगाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शेवटचे दोन मंत्रविद्येचे व ऋद्धीचे असून त्यांचा येथे संबंध नाही. उरलेले चार मात्र आजच्या परिस्थितीवर प्रकाश टाकतात. स्वतःच्या हाताने मारणे ते 'साहत्थिक'. दुसऱ्यास आज्ञा देऊन मारविणे ते 'आणत्तिक'. बाण, भाला असे अस्त्र फेकून मारणे ते 'निस्सग्गिय'. खड्डा, शूळ, सापळा अशी स्थिर योजना करून ठेवणे ते 'थावर'. बंदुकीची गोळी तिसऱ्या प्रकारात येईल. पैसे देऊन नेमबाज बोलावला तर तो दुसरा प्रकार होईल; गोळी मी झाडली नाही, एवढ्याने मी मोकळा होत नाही. शेताच्या कडेने तार ओढून तीत घरगुती विजेचा प्रवाह सोडणे आणि फळात किंवा पिठाच्या गोळ्यात स्फोटके भरून ठेवणे, हे शुद्ध 'थावर' प्रयोग आहेत.

थावर प्रयोगात एक विशेष धोका आहे. बाण मारणारा आपले लक्ष्य पाहतो. सापळा कोणालाही पाहत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो, बैल चिकटतो आणि पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला शेजारीही चिकटतो. मे २०२० मध्ये केरळात एका गाभण हत्तिणीच्या तोंडात स्फोटके भरलेले फळ फुटले आणि वेदनेने व्याकूळ झालेली ती हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मरण पावली, हे देशाने पाहिले. त्या भागात असे सापळे रानडुकरांसाठी लावले जातात.

सर्व प्राणातिपात सारख्याच गंभीरतेचे असतात असे मात्र अट्ठकथा म्हणत नाहीत. प्राण्याचा आकार, त्याचे गुण, मारणाऱ्याच्या चित्तातील क्लेशांची तीव्रता आणि प्रयत्नाची तीव्रता यांवरून दोष अल्प किंवा महान ठरतो. म्हणून उपाशी राहण्याच्या भीतीने मारणारा आणि भिंतीवर शिंगे टांगण्यासाठी मारणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. तथापि 'अल्प दोष' म्हणजे 'निर्दोष' नव्हे. याबाबत अट्ठसालिनीत एक मार्मिक निरीक्षण आहे. राजा चोराला पाहून हसत हसत त्याच्या वधाची आज्ञा देत असला, तरी निर्णयाच्या क्षणीचे त्याचे चित्त दुःखयुक्तच असते, असे तेथे म्हटले आहे. 'नियंत्रण', 'निर्मूलन', 'व्यवस्थापन' असे शब्द आज्ञापत्रात कितीही शांतपणे लिहिले, तरी मारण्याच्या निर्णयामागील चित्त त्या शब्दांमुळे बदलत नाही.

तात्पर्य, शासनाचा परवाना कायद्याचा गुन्हा दूर करतो. वधकचित्त दूर करणे त्याच्या अधिकारात नाही. उपासकाच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो.

३. राजाची शिकार थांबते

उरलेला अर्धा भाग राज्यसंस्थेचा आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात चक्रवर्ती राजाने कोणाकोणाला धार्मिक संरक्षण द्यावे याची यादी आहे. तीत सैन्य, ब्राह्मण, गृहपती, नगरवासी, जनपदवासी आणि श्रमण यांच्याबरोबर मृग व पक्षी यांचाही समावेश आहे. मृग-पक्षी हे राजाच्या रक्षणास पात्र आहेत, ही कल्पना येथे स्पष्टपणे मांडलेली दिसते.

सम्राट अशोकाने ती व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला. आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत व तीत मृगया होत असे. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. महाराष्ट्रीय वाचकांना हे सांगितले पाहिजे की, याच आठव्या लेखाचा एक खंड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळच्या सोपाऱ्यास सापडला. शिकार सोडल्याची राजाची ग्वाही अपरान्तातील त्या गजबजलेल्या बंदरात दगडावर कोरलेली होती. अफगाणिस्तानातील कंदाहार येथे मिळालेल्या ग्रीक व अरामाईक लेखातही राजाचे शिकारी व कोळी यांनी आपले काम थांबविल्याचा उल्लेख आहे.

पाचवा स्तंभलेख आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने काही प्राणी अवध्य ठरवले. त्यांत पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, गेंडा इत्यादींची नावे आहेत. गाभण व दूध देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले मारू नयेत. निष्कारण किंवा जीवहिंसेसाठी अरण्ये जाळू नयेत. ठराविक तिथींना मासे पकडू नयेत व हत्तींच्या वनांतील प्राणी मारू नयेत, असे नियम त्यात आहेत. अशोकाने सर्व हिंसा एका आज्ञेने बंद केली नाही. पहिल्या शिलालेखात तर राजाच्या स्वयंपाकघरात अजून दोन मोर व एक हरीण मारले जाते, हेही त्याने लपविले नाही. कोणते प्राणी, कोणता काळ, कोणती जागा, अशा पायऱ्यांनी तो पुढे गेला. आधुनिक वन्यजीव-कायद्यातील अनुसूची, बंदीचा हंगाम व अभयारण्य या तिन्ही कल्पनांशी या लेखाचे साम्य सहज लक्षात येते.

पिकांच्या रक्षणाचा प्रश्न मात्र या लेखांत येत नाही. तो एका जातककथेत येतो.

४. निग्रोधमिगजातकाचा विसरलेला शेवट

निग्रोधमिगजातक आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. वाराणसीचा राजा रोज शिकारीला निघे व त्यासाठी लोकांना त्यांची कामे सोडून सोबत यावे लागे. कंटाळलेल्या लोकांनी रानातील हरिणांचे दोन कळप हाकून राजाच्या उद्यानात कोंडले. एका कळपाचा नायक निग्रोध, म्हणजे बोधिसत्त्व, दुसऱ्याचा साख. रोजच्या शिकारीत अनेक हरिणे घायाळ होतात हे पाहून दोन्ही कळपांनी आळीपाळीने एकेक हरीण पाठविण्याचे ठरविले. एके दिवशी पाळी साखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची आली. साखाने तिला सवलत नाकारली. तेव्हा निग्रोधाने तिच्या जागी आपली मान ठोकळ्यावर ठेवली. राजा द्रवला. त्याने दोघांना अभय दिले. पुढे निग्रोधाच्या विनंतीवरून उद्यानातील सर्व हरिणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि शेवटी माशांनाही अभय मिळाले.

व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकांतून कथा येथे संपते. मूळ कथा येथे संपत नाही. अभय मिळालेली हरिणे लोकांच्या शेतात शिरून पीक खाऊ लागली. राजाज्ञेमुळे लोकांना त्यांना मारता येईना की हाकलता येईना. ते राजाच्या दारी जमले. राजा म्हणाला, मी निग्रोधाला वर दिला आहे. राज्य गेले तरी चालेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही. महावस्तूतील या कथेच्या पाठातही लोकांची ही तक्रार व राजाचा नकार आहे. पालि कथेत निग्रोधाच्या कानी ही गोष्ट गेली. त्याने कळपाला बोलावून इतःपर कोणाचे पीक खाऊ नये असे बजावले आणि लोकांना निरोप पाठविला की, शेताला कुंपण घालू नका, फक्त भोवताली पानांची खूण बांधा. शेतात पाने बांधण्याची रीत, म्हणजेच 'पर्णसंज्ञा', तेव्हापासून सुरू झाली आणि त्या खुणेपलीकडे एकही हरीण गेले नाही, असे कथाकार सांगतो.

जातकातील गाथा मूळ व गद्य कथा उत्तरकालीन अट्ठकथेची, हे अभ्यासकांना माहीत आहे. तरीही हा शेवट जोडणाऱ्याला जगाचा अनुभव होता हे मान्य करावे लागेल. प्राण्यांना अभय दिले की त्याचा भार कोणावर तरी पडतो. तो राजाच्या उद्यानावर पडत नाही, शेतकऱ्याच्या बांधावर पडतो. कथेत हा भार दोघांनी उचलला आहे. राजाने लोकांचा रोष पत्करला आणि मृगराजाने कळपावर निर्बंध घातला. शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त पाने बांधण्याचे काम आले.

ऋषिपतन मृगदायाच्या नावाचा अर्थही अट्ठकथांनी असाच लावला आहे : मृगांना अभय म्हणून दिलेले वन. धम्मचक्रप्रवर्तन झाले ती भूमी म्हणजे, या अर्थाने, एक अभयारण्यच होते.

५. आजचे अभय

भारतात वन्य प्राण्यांना दिलेले आजचे अभय म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम ९ ने शिकारीस बंदी केली; कलम ११ ने अपवाद ठेवले. पहिल्या अनुसूचीतील प्राणी, उदाहरणार्थ वाघ, मानवी जीवितास धोकादायक झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतो. आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी त्याची खात्री झाली पाहिजे. मारणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्व येथे कायद्यानेच स्वीकारले आहे. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण ठरविलेल्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. तेव्हा देशभर जो वाद झाला, तो मुख्यतः या शेवटच्या उपायापूर्वीचे उपाय खरोखर संपले होते काय, याविषयीच होता.

रानडुक्कर व नीलगाय, जिला विदर्भात रोही म्हणतात, यांची गोष्ट वेगळी आहे. उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवान्याने त्यांची शिकार करता येते. याखेरीज कलम ६२ खाली केंद्र सरकार ठराविक प्रदेशात व ठराविक काळासाठी एखाद्या प्राण्याला 'उपद्रवी' घोषित करू शकते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची गेली, तरी हा अधिकार राहिला. बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर यांना असे घोषित केल्यानंतर जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावर केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांमध्येही जाहीर मतभेद झाला. एका बाजूला शेतकऱ्यांचे खरे दुःख होते, तर दुसऱ्या बाजूला उघड्या माळावर पळणाऱ्या प्राण्यांचा संहार. दोन्ही बाजूंनी एकमेकांना निर्दय म्हटले.

'उपद्रवी' हा शब्द बौद्ध अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. प्राण्याची एखादी कृती हानिकारक असू शकते. त्या कृतीवरून त्याच्या संपूर्ण जातीचे अभय काढून घेणे म्हणजे त्याला 'पाणो' या सदरातूनच वगळण्यासारखे आहे. पाच अंगांतील दुसरे अंग, हा जीव आहे ही जाणीव, अशा शब्दांनी बोथट होते.

६. मारल्याने प्रश्न सुटतो काय?

नीतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवून परिणामांचा विचार करू. शिकारीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. उत्तर अमेरिकेत लांडग्यांसारखे शिकारी प्राणी माणसाने मोठ्या प्रदेशातून नष्ट केले. त्यानंतर हरिणांची संख्या वाढून वनांची नासाडी होऊ लागली. तेथे ठराविक हंगामात, ठराविक संख्येने केलेल्या शिकारीने हरिणांची संख्या आटोक्यात ठेवली जाते. परवान्याचे शुल्क आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामी लावले जाते. परंतु तेथील शिकारी माणसाने स्वतःच रिकामी केलेली लांडग्याची जागा भरत आहे, हे विसरता येणार नाही. तेथील थोर वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड याने तरुणपणी लांडगे कमी झाले तर हरिणे वाढतील या समजुतीने लांडगे मारले आणि पुढे त्याचा पश्चात्ताप आपल्या लेखनात नोंदवला. १९९५ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा आणून सोडावे लागले.

ही गोष्ट व्यग्घजातकाने फार पूर्वी सांगितली आहे. एका वनात सिंह व वाघ राहत. त्यांच्या भीतीने कोणी झाड तोडत नसे की जमीन नांगरत नसे. त्यांनी खाऊन टाकलेल्या सांगाड्यांच्या दुर्गंधीला कंटाळून एका वृक्षदेवतेने भयंकर रूप घेऊन त्यांना पळवून लावले. बोधिसत्त्व असलेल्या दुसऱ्या वृक्षदेवतेने तिला आधीच सावध केले होते. वाघांचे ठसे दिसेनात, तेव्हा माणसे आली व त्यांनी वन तोडून शेती केली. देवतेने वाघांना परत बोलावले. ते आले नाहीत. रानडुकराचे नैसर्गिक शत्रू म्हणजे वाघ, बिबट्या व रानकुत्रा. जेथे ते नाहीत तेथेच डुकरांचा प्रश्न अधिक बिकट होतो, यात नवल ते काय?

शिवाय रानडुकरीण चार महिन्यांच्या आत विते व तिला एका वेळी अनेक पिले होतात. युरोपातील अभ्यासांतून असे दिसले आहे की, जेथे शिकार फार होते तेथे माद्या लहान वयातच वितात व घट भरून निघते. ऊस, मका, भुईमूग असे खाद्य व दडण्याची जागा कायम असेल, तर दहा डुकरे मारल्याने अकरावे यायचे थांबत नाही. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात पुरोहित राजाला चोरांविषयी असेच सांगतो : वध व बंधन यांनी चोरी थांबणार नाही, कारण जे मारण्यातून वाचतील ते पुन्हा उपद्रव देतील, शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. चोर व डुक्कर यांची तुलना येथे करावयाची नाही. उपद्रवाचे मूळ शोधल्याशिवाय केलेला वध उपद्रवाला संपवीत नाही, एवढाच बोध घ्यावयाचा आहे.

७. इच्छा आणि आवश्यकता

मग मारण्यावाचून गत्यंतरच नाही, असा प्रसंग कधी येतच नाही काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे. बुद्धाने निषेध केला तो केवळ मारण्याच्या इच्छेतून होणाऱ्या वधाचा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. तत्त्व माणसाला कृती करण्याचे स्वातंत्र्य देते, असेही त्यांनी म्हटले आहे.

अट्ठकथाकारांनी 'आवश्यकता' असे वेगळे सदर केलेले नाही. ते फक्त दोषाची तीव्रता कमी-अधिक मानतात. हा फरक झाकण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही मतांतून व्यवहारात एकच जबाबदारी निघते. आवश्यकता सिद्ध करण्याचा भार मारणाऱ्यावर असतो. हानी खरी आहे काय? न मारता ती टाळण्याचे उपाय प्रामाणिकपणे केले काय? मारणे त्या आवश्यकतेपुरतेच राहिले काय, की त्यात मौज, मांस किंवा सूड शिरला? या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर आवश्यकतेचे नाव घेऊन इच्छाच पुढे सरकते. मोकामासारख्या प्रसंगी हे प्रश्न शेतकऱ्यापेक्षा शासनाला विचारले पाहिजेत.

८. उपासकाला उत्तर

आता त्या उपासकांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांना मी पुढीलप्रमाणे सांगेन.

पिकाचे रक्षण करणे हा शीलभंग नाही. जागल करणे, डबे वाजवणे, गोफण फिरवून हुसकावणे, धुऱ्यावर काटेरी करडईचे पट्टे पेरणे, यांत वधकचित्त नाही. सौर कुंपणाचा क्षणिक झटका प्राण्याला परतवतो, मारत नाही; तेथे पाच अंगांतील तिसरे अंगच नसते. याउलट जिवंत तार व स्फोटके यांना उपासकाच्या शेतात जागा नाही. ते कायद्याने गुन्हा आहेत आणि धम्मानेही. एकट्याने जागल करणे माणसाला थकवते. गावाने पाळ्या लावून केली तर ती निभते. सर्व उपाय थकले आणि परवान्याने मारण्याची वेळ आलीच, तर ते पुण्यकर्म आहे असे स्वतःला समजावू नये व त्याचा जल्लोष करू नये. जे घडले ते घडले म्हणून ओळखावे, पुन्हा शील ग्रहण करावे आणि पुढच्या हंगामात ती वेळ येऊ नये यासाठी झटावे.

एवढे सांगून थांबलो तर मात्र मी पुन्हा अपुरे उत्तर दिले असे होईल. निग्रोधाच्या काळी मृगराज आपल्या कळपाला आवरू शकत होता. आजच्या डुकरांना व रोह्यांना पर्णसंज्ञा वाचता येत नाही. त्यामुळे मृगराजाच्या वाट्याचे काम आता अभय देणाऱ्यावर येते. अभय देणारा म्हणजे शासन, आणि शासनामागे आपण सर्व : वाघ वाचावा म्हणून सह्या करणारे, सुटीत अभयारण्यात जाऊन हरिणांची छायाचित्रे काढणारे, शहरात राहून अहिंसेवर लेख लिहिणारे. नुकसानीचा पंचनामा वेळेवर होणे, भरपाई पिकाच्या खऱ्या किमतीची असणे, कुंपणाचे अनुदान लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे, जंगलात गवत व पाणी टिकणे, ही आजची पर्णसंज्ञा होय. तिचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून वसूल करायचा आणि त्याने बंदूक मागितली की त्याला शीलाची आठवण द्यायची, हे निग्रोधाच्या राजालाही पटले नसते. त्याने निदान लोकांची तक्रार आपल्या दारी ऐकून घेतली होती.

'मारलं तर शील मोडतं, नाही मारलं तर घर मोडतं' असे ते उपासक म्हणाले होते. त्यांचे शील सांभाळण्याची जबाबदारी त्यांची आहे. त्यांचे घर सांभाळण्याची जबाबदारी, अभयाचे श्रेय घेणाऱ्या आपणा सर्वांची आहे. पुढच्या वर्षावासात त्या गावी जाण्याचा योग आला, तर या दोन्ही गोष्टी मी त्यांना याच क्रमाने न सांगता उलट क्रमाने सांगेन.